अँटीबॉडी मागवण्याआधी गोठ्यात जा

शाहूवाडी तालुक्यात बांबवडे घ्या, सरूड घ्या, मलकापूर घ्या. दूध संस्थेत संध्याकाळच्या पाळीला गायीचं दूध वेगळं आणि म्हशीचं वेगळं घेतात. दर वेगळा, बिलातला रकानाही वेगळा. हिशेबाचा पाया गायीला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीला ६ आणि ९. मशीन फॅट सांगतं, एसएनएफ सांगतं. किटलीतलं दूध कुणाच्या कासेतून आलंय, हे त्याला कळत नाही. गायीचं थोडं दूध म्हशीच्यात गेलं तर फॅट जरा कमी लागते. पण वैरण बदलली तरी फॅट कमी लागतेच.

त्यामुळे इकडची मुलं शिवाजी विद्यापीठात किंवा कोल्हापूर-सांगलीच्या कॉलेजांत मायक्रोबायॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजीला गेली, की त्यातल्या एखाद्याला हमखास सुचतं : "सर, एलायझा करतो. म्हशीच्या दुधातलं गायीचं दूध पकडतो." विषय उत्तम आहे. घोडं पेंड खातं ते अँटीबॉडी मागवताना. कॅटलॉगात 'बोवाइन' शब्द टाकून जी परवडेल ती बाटली मागवली जाते, मग तीन-चार महिन्यांनी लक्षात येतं की ही अँटीबॉडी म्हशीलाही तेवढीच चिकटते. तोवर प्रोजेक्टचे पैसेही गेलेले असतात आणि सेमिस्टरही.

हा लेख त्या मुलांसाठी आहे. उदाहरण दुधाचं घेतलंय, कारण ते आपल्या दारातलं आहे. तुमच्या हातात उंदराचा मेंदू असो की उसाचं पान, विचार याच क्रमाने करायचा असतो.

अँटीबॉडीला गाय ठाऊक नसते आणि म्हैसही. तिला ओळखता येतो प्रथिनाच्या पृष्ठभागावरचा एक लहानसा तुकडा. त्याला एपिटोप म्हणतात. तोच किंवा त्याच्यासारखा तुकडा दुसऱ्या प्रथिनावर असला, तर ती तिथेही बसते. यालाच क्रॉस-रिअ‍ॅक्शन म्हणायचं. गाय आणि म्हैस एकाच कुळातल्या. त्यांची केसीन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, इम्युनोग्लोब्युलिन ही प्रथिनं बहुतेक ठिकाणी सारखीच आहेत. म्हणजे आपण सख्ख्या नाही तरी चुलत बहिणींमध्ये फरक करायला निघालोय. उंदीर आणि माणूस यांच्यातला फरक त्यामानाने सोपा.

आपल्याकडे हा प्रश्न जुनाच आहे आणि त्यावर एक देशी उत्तरही आहे : हंसा टेस्ट. पाणी आणि दूध वेगळं करणाऱ्या हंसाचं नाव या चाचणीला शोभतं. अन्नतपासणीच्या सरकारी पद्धतींत ती आहे. गायीच्या दुधात म्हशीचं दूध मिसळलंय का, हे ती पाहते. म्हशीच्या दुधाला पाणी मारून ते गायीचं म्हणून विकता येतं, म्हणून दिशा अशी उलटी. सशाला म्हशीच्या दुधातली प्रथिनं टोचून तयार केलेलं सिरम पातळ केलेल्या दुधात घालायचं. म्हशीचा अंश असेल तर कण धरतात, साका दिसतो. काचपट्टी किंवा परीक्षानळी एवढ्यावर भागतं.

सशाने या टोचणीला दिलेलं उत्तर नीट पाहिलं, तर अँटीबॉडी निवडण्याचं निम्मं शास्त्र तिथेच कळतं. सशाला म्हशीचं प्रथिन सगळंच परकं. त्यामुळे तो गाय-म्हैस दोघींत सारख्या असलेल्या तुकड्यांवरही अँटीबॉडी बनवतो आणि फक्त म्हशीत असलेल्या तुकड्यांवरही. आपल्याला हव्यात त्या दुसऱ्या. मग काय करायचं? गायीच्या दुधाची प्रथिनं एखाद्या घन पदार्थाच्या मण्यांवर पक्की बसवायची आणि सिरम त्यावरून सोडायचं. दोघींना ओळखणाऱ्या अँटीबॉडी मण्यांना चिकटून राहतात. खाली गळतं त्यात उरतात बहुतांशी म्हशीपुरत्या. चाळणीतून खडे काढावेत तसंच हे. बाटलीवर 'क्रॉस-अ‍ॅड्सॉर्ब्ड' किंवा 'प्री-अ‍ॅड्सॉर्ब्ड' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की ती अशा चाळणीतून गेलेली आहे. 'हायली' लागलं तर जास्त प्राण्यांच्या चाळण्यांतून गेली.

पण चाळण कुणाची होती, ते वाचा. डेटाशीटवर 'मिन एक्स' असं लिहून पुढे प्राण्यांची नावं दिलेली असतात : मानव, बोवाइन, घोडा, उंदीर. याचा अर्थ, या प्राण्यांच्या प्रथिनांशी कमीत कमी लागण. या यादीत म्हैस सहसा नसते, कारण ज्या देशांत या बाटल्या भरल्या जातात तिथल्या बहुतेक गिऱ्हाइकांना म्हशीशी कर्तव्य नसतं. यादीत नाव नाही याचा अर्थ म्हशीला चिकटत नाही असा काढू नका. तपासलेलं नाही, एवढंच त्यातून कळतं. 'नॉट टेस्टेड' आणि 'नो रिअ‍ॅक्टिव्हिटी' या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि मुलं नेमकी तिथेच ठेच खातात. आणखी एक गंमत : अमेरिकेतल्या मजकुरात नुसतं 'बफेलो' असेल तर तो रानातला बायसनही असू शकतो. 'वॉटर बफेलो' किंवा बुबालस बुबालिस असं स्वच्छ लिहिलेलं शोधा.

क्रॉस-अ‍ॅड्सॉर्प्शन म्हणजे निव्वळ नफा, असंही समजू नका. चाळताना खड्यांबरोबर थोडे तांदूळ जातातच. अशा अँटीबॉडीचा सिग्नल थोडा कमी येतो, काही उपवर्गांची ओळख सुटते आणि किंमत वाढते. तुमच्या नळीत एकाच प्राण्याचं प्रथिन असेल तर साधी बाटली पुरते. उगाच महागडी घेऊन मिरवण्यात अर्थ नाही.

आता हिशेब, कारण 'कमीत कमी' म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही. ते तुमच्या नमुन्यावर ठरतं. समजा, म्हैस ओळखणाऱ्या तुमच्या अँटीबॉडीची गायीशी क्रॉस-रिअ‍ॅक्शन ५ टक्के आहे. आकडा बरा वाटतो. नमुन्यात ९० भाग गायीचं आणि १० भाग म्हशीचं दूध असेल तर म्हशीकडून १० चा सिग्नल येईल, गायीकडून ४.५ चा खोटा. चालून जाईल. आता ९९ भाग गायीचं आणि १ भाग म्हशीचं घ्या. खरा सिग्नल १, खोटा ४.९५. म्हणजे चाचणी दाखवतेय ती बहुतांशी गायच. तीच बाटली, तीच अँटीबॉडी; एका कामाला चांगली, दुसऱ्याला टाकाऊ. म्हणून बाटली शोधण्याआधी वहीत लिहा : मला किमान किती टक्के भेसळ पकडायची आहे? १० टक्के पकडायची असेल तर ५ चालतील. १ टक्का पकडायची असेल तर क्रॉस-रिअ‍ॅक्शन ०.१ च्या आसपास हवी. हा आकडा तुमच्या लॅबमध्ये स्पर्धात्मक एलायझाने काढता येतो. सिग्नल निम्म्यावर आणायला म्हशीचं प्रथिन किती लागलं, त्याला गायीचं किती लागलं त्याने भागा आणि शंभराने गुणा. म्हशीचं ५० नॅनोग्रॅम लागलं आणि गायीचं १००० लागलं, तर उत्तर ५ टक्के. कंपनीने दिलेला आकडा त्यांच्या बफरमधला असतो. दुधात तो बदलू शकतो, तेव्हा स्वतः काढा.

एवढं झालं तरी निम्मीच वाट चाललात. कारण नळीत फक्त नमुना नसतो. माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्यांदा दुधावर एलायझा केली तेव्हा सगळी प्लेट पिवळी झाली. नमुन्याच्या विहिरी पिवळ्या, कंट्रोलच्या पिवळ्या आणि ज्यात काहीच घातलं नव्हतं त्याही पिवळ्या. दोन दिवस मी सप्लायरला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की प्लेट ब्लॉक करायला मी स्किम मिल्क पावडर वापरली होती. दुधातलं गायीचं प्रथिन शोधायला निघालो होतो आणि रिकाम्या जागा मीच गायीच्या दुधाने सारवून ठेवल्या होत्या! वेस्टर्न ब्लॉट शिकताना पाच टक्के मिल्क पावडर हाताला इतकी सवयीची होते, की ती कुठे चालत नाही हे कुणी विचारत नाही.

ही चूक दुधापुरती नाही. गाय, शेळी, मेंढी यांची इम्युनोग्लोब्युलिन इतकी सारखी, की शेळीविरुद्धची सेकंडरी, म्हणजे पहिल्या अँटीबॉडीला धरून रंग दाखवणारी दुसरी अँटीबॉडी, गायीच्या इम्युनोग्लोब्युलिनवरही बसते. बीएसएमध्ये, मिल्क पावडरमध्ये, पेशी वाढवण्याच्या फीटल बोवाइन सिरममध्ये गायीच्या इम्युनोग्लोब्युलिनचा अंश असतो. तुमची सेकंडरी शेळी, मेंढी किंवा गाय यांच्याविरुद्धची असेल, तर यापैकी कशानेही ब्लॉक करू नका. सेकंडरी ज्या प्राण्यात बनली त्याचं साधं सिरम वापरा, नाहीतर माशाचं जिलेटिन. माशाचा या भानगडीत कुणाशीच सोयरसंबंध नाही.

मात्र आपल्या दुधाच्या कामात 'सेकंडरीच्या प्राण्याचं सिरम' हा नियमही डोळे झाकून लावता येत नाही. समजा, प्लेटच्या तळाशी सशात बनलेली, म्हशीच्या इम्युनोग्लोब्युलिनविरुद्धची अँटीबॉडी बसवली. वरून शेळीत बनलेली कुठलीही अँटीबॉडी आली, की ती स्वतःच एक शेळीचं इम्युनोग्लोब्युलिन आहे. तळातली अँटीबॉडी तिलाच म्हैस समजून धरून ठेवू शकते. नमुना नसतानाही रंग येतो तो असा. शेळीचं सिरम ब्लॉकिंगला घेतलं तर तळातल्या जागाच भरून जातील. अशा ठिकाणी रवंथ करणारा प्राणी साखळीत कुठेच नको. गाढवात बनलेली सेकंडरी मिळते, ती घ्या. किंवा शोधणारी अँटीबॉडी उंदराची मोनोक्लोनल घ्या. किंवा सेकंडरीच टाळा आणि एन्झाइम थेट पहिल्या अँटीबॉडीला जोडलेलं घ्या. साखळीत जितक्या कड्या कमी, तितकी चुकायची ठिकाणं कमी.

एन्झाइमचाही दुधात वेगळा घोळ आहे. एलायझात रंग आणणारी दोन नेहमीची एन्झाइमं म्हणजे पेरॉक्सिडेज आणि अल्कलाइन फॉस्फटेज. कच्च्या दुधात लॅक्टोपेरॉक्सिडेज असतं आणि अल्कलाइन फॉस्फटेजही. फॉस्फटेज पाश्चरायझेशनमध्ये नष्ट होतं, म्हणून तर डेअरीत त्यावरून दूध नीट तापवलं की नाही ते पाहतात. लॅक्टोपेरॉक्सिडेज ७२ अंशांवर १५ सेकंद काढूनही बऱ्यापैकी टिकतं. बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची पद्धत घ्यावी म्हटलं, तर दुधात बायोटिन आहेच. धुण्याने हे बरंचसं जातं, सगळं जात नाही. म्हणून प्रत्येक प्लेटवर तीन विहिरी राखून ठेवा : एकीत नमुना आणि सबस्ट्रेट, अँटीबॉडी काहीच नाही. दुसरीत नमुना सोडून सगळं. तिसरीत पहिली अँटीबॉडी सोडून सगळं. या तिन्ही पांढऱ्या राहिल्या तरच बाकीच्या विहिरींकडे बघायचं.

मोनोक्लोनलबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. १९७५ मध्ये कोलर आणि मिल्स्टीन यांनी हायब्रिडोमाचं तंत्र दिलं, १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि तेव्हापासून 'मोनोक्लोनल म्हणजे क्रॉस-रिअ‍ॅक्शन नाही' असं मुलं घोकतात. मोनोक्लोनल एकाच एपिटोपला ओळखते हे खरं. पण तो एपिटोपच दहा ठिकाणी असला तर? ४जी२ नावाची एक मोनोक्लोनल आहे. ती डेंगीच्या विषाणूवर बसते, तशी त्याच्या कुळातल्या जवळजवळ सगळ्या फ्लेविव्हायरसांवर बसते, कारण ती त्यांच्या आवरणावरचा जो भाग धरते तो सगळ्यांत सारखा आहे. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्गला २०१६ पासून माकडताप दिसतो. त्याचा विषाणूही याच कुळातला. कुळ ओळखायला ४जी२ उत्तम, डेंगी की माकडताप हे ठरवायला निरुपयोगी. मोनोक्लोनलचा खरा फायदा वेगळा आहे. आज घेतलेली आणि तीन वर्षांनी घेतलेली बाटली सारखी वागण्याची खात्री जास्त. सशाच्या सिरमात ससा बदलला की सिरम बदलतं. म्हणून पॉलिक्लोनल घेत असाल तर सगळ्या प्रोजेक्टला पुरेल एवढी एकाच लॉटची घ्या आणि लॉट नंबर वहीत लिहा.

आणि आता गोठा. मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेला जे सहज मिळत नाही ते शाहूवाडीच्या मुलाला घराच्या मागच्या दारी मिळतं : शंभर टक्के खात्रीचा कंट्रोल. कोल्हापुरात गंगावेशेत दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून पेला हातात देतात. भेसळीचा प्रश्नच मिटतो. कंट्रोलचं दूध तसंच हवं, डोळ्यांदेखत धार काढलेलं. पिशवीतलं 'गायीचं दूध' कंट्रोल म्हणून वापरणारे लोक मी पाहिलेत. जे तपासायचं आहे त्यालाच साक्षीदार करण्यातला प्रकार!

एका गायीवर आणि एका म्हशीवर थांबू नका. पंढरपुरी आणि मुऱ्हा म्हशी, खिल्लार, एचएफ आणि जर्सी संकरित गाई, प्रत्येक प्रकारातल्या दोन-चार जनावरांचं दूध वेगवेगळ्या बाटल्यांत आणा. धारेची भांडी वेगळी ठेवा. गायीची धार काढलेली बादली नुसती विसळून म्हशीखाली लावली तर तुमचा कंट्रोल तिथेच बाटला. गोठ्यावर आत्याला किंवा काकीला आधी सांगून ठेवा, नाहीतर घाईच्या वेळी कोण भांडी बदलणार!

जनावर किती दिवसांचं व्यालेलं आहे, ते विचारा. तुमची चाचणी इम्युनोग्लोब्युलिनवर आधारलेली असेल तर हा प्रश्न जीवन-मरणाचा आहे. गायीच्या साध्या दुधात इम्युनोग्लोब्युलिन-जी लिटरला साधारण एक ग्रॅमपेक्षा कमी. चिकात पन्नास ग्रॅमच्या घरात, कधी त्याहून कितीतरी जास्त. पन्नासपट धरली तरी, म्हशीच्या दुधात एक टक्का गायीचा चीक पडला तर तुमची चाचणी 'पन्नास टक्के गायीचं दूध' असं ओरडेल. कासदाह झालेल्या सडातही रक्तातली प्रथिनं दुधात उतरतात आणि आकडा फुगतो. उलट बाजूने, दूध चांगलं उकळलं की इम्युनोग्लोब्युलिन मोडतं आणि अँटीबॉडीला धरायला काही उरत नाही. म्हणजे तापवलेल्या किंवा पावडरच्या दुधात भेसळ असून नाही दिसेल. केसीन उष्णतेला पुष्कळ टिकतं. तपासायचं दूध तापवलेलं असण्याची शक्यता असेल तर केसीनचा, गाय-म्हैस वेगळी पडणारा तुकडा ओळखणारी अँटीबॉडी शोधा. अँटीबॉडी कुठली घ्यायची, हे असं गोठ्यात आणि चुलीपाशी ठरतं; कॅटलॉग त्यानंतर उघडायचा.

प्रमाणाबद्दल थोडं. अँटीबॉडी जास्त घातली की सिग्नल वाढतो, हे दिसतं. त्याबरोबर ओढूनताणून चिकटणारेही वाढतात, ते दिसत नाही. डेटाशीटवर १:१००० लिहिलं असेल तर १:५०० ते १:२०००० पर्यंत उतरत जाऊन पाहा. खरा आणि खोटा सिग्नल यांतलं अंतर जिथे सगळ्यात जास्त, ते प्रमाण घ्या. सगळ्यात गडद रंग देणारं नको. अनेकदा महागडी बाटली बदलण्याऐवजी आहे तीच चौपट पातळ करून काम झालेलं आहे, आणि पैसेही वाचतात.

बाटली आली की लगेच लहान लहान भाग करून ठेवा. पावसाळ्यात आंबा घाटाकडे दरड कोसळली, तारा तुटल्या की वीज कधी येईल याचा नेम नसतो. फ्रीजरमध्ये गोठणं-वितळणं चार वेळा झालं की अँटीबॉडीचे गोळे होतात. हे गोळे कशालाही चिकटतात आणि तुम्ही क्रॉस-रिअ‍ॅक्शन समजून डोकं धरून बसता. वापरण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं घ्या. सोडियम अझाइड पेरॉक्सिडेजला मारतं, तेव्हा पेरॉक्सिडेज जोडलेल्या बाटलीत ते घालू नका. कुरिअर सोमवारी निघेल असं सांगा. शुक्रवारी निघालेली बर्फाची पेटी रविवारी कुठल्यातरी गोदामात कोमट होते.

शेवटी दुसरी साक्ष. २०१६ मध्ये अँटीबॉडीची खात्री कशी करावी यावर एका आंतरराष्ट्रीय गटाने पाच मार्ग सुचवले. त्यातला एक साधा आहे : अँटीबॉडीवर अजिबात अवलंबून नसलेल्या पद्धतीने तोच नमुना तपासा. गाय-म्हशीच्या बाबतीत तो मार्ग मोकळा आहे. दुधात जनावराच्या पेशी असतात, त्यांतला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए पीसीआरने वेगळा ओळखता येतो. नुसतं 'गाय आहे की नाही' एवढंच विचारायचं असेल, तर खरं सांगायचं, थेट पीसीआरच करा. एलायझा तिथे उपयोगी जिथे नमुने शेकडो आहेत, पैसे कमी आहेत आणि उत्तर त्याच दिवशी हवंय.

आणि चाचणी जमली, आकडे छान आले, की मुलांना पहिली हुक्की येते ती गावच्या संस्थेत जाऊन दाखवण्याची. जरूर जा. पण कुणाचं नाव घेऊन जाऊ नका. दहा दिवसांच्या बिलावर ज्याचं घर चालतं, त्याच्या किटलीबद्दल बोलण्याआधी तोच नमुना तीनदा लावलेला असू द्या, पीसीआरने पडताळलेला असू द्या, आणि त्याची गाय कधी व्यायली ते त्याला विचारलेलं असू द्या.